गरोदर स्त्रीच्या रक्ताची मोजणी: कोणाच्या मापाने?

मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांचा रोग आहे, ही समजूत श्रमिकांच्या चळवळीत काम करणाऱ्यांच्या मनातही खोलवर रुजलेली आहे. कुपोषण, क्षय, हिवताप, बाळंतपणातील मृत्यू हे गरिबांचे प्रश्न; साखर, रक्तदाब आणि हृदयविकार हे पेढीवर बसणाऱ्यांचे, अशी वाटणी फार पूर्वीच करून टाकण्यात आली आणि ती पुन्हा तपासून पाहण्याची निकड फारशी कोणाला वाटली नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेलेली आहे. एवढे सुखवस्तू लोक या देशात असते तर विषमतेवर लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

या रोगाचे जे रूप श्रमजीवी कुटुंबांच्या अगदी दारात येऊन उभे आहे, ते म्हणजे गरोदरपणातील मधुमेह. गर्भधारणेच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणारी संप्रेरके आईच्या शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. पुष्कळ स्त्रियांचे शरीर अधिक इन्सुलिन निर्माण करून ही तूट भरून काढते; ज्यांना ते जमत नाही त्यांच्या रक्तातील साखर वाढते. कोपनहेगनचे डॉ. पेडरसन यांनी १९५० च्या दशकात या घटनेचा उलगडा केला. आईच्या रक्तातील साखर वार ओलांडून गर्भाकडे जाते, परंतु आईचे इन्सुलिन जात नाही. त्या जादा साखरेला तोंड देण्यासाठी गर्भ स्वतःचे इन्सुलिन मोठ्या प्रमाणात तयार करू लागतो आणि त्यामुळे त्याच्या अंगावर चरबी चढते. प्रसूती अडते, शस्त्रक्रियेची वेळ येते, नाळ तुटताच बाळाच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते. आईला यातले काहीही जाणवत नाही. ना वेदना, ना ताप, ना डोळ्यांना दिसणारी सूज. रक्त तपासल्यावाचून हा रोग कळत नाही आणि पुनःपुन्हा तपासल्यावाचून तो आटोक्यात आहे की नाही हेही कळत नाही. उपचारांचा उपयोग होतो, याबद्दल मात्र शंका नाही. ऑस्ट्रेलियात १,००० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले; ज्यांच्यावर उपचार झाले त्यांच्या बाळांतील गंभीर गुंतागुंत ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलेली दिसली.

तेव्हा सारा प्रश्न मोजण्याचा आहे. रक्तातील कोणत्या खुणेवर विश्वास ठेवायचा, ती कोठे मोजायची आणि त्या मोजणीचा खर्च कोणी सोसायचा, हा तो प्रश्न. वैद्यकातले लोक यातील पहिल्या भागाची चर्चा हिरिरीने करतात, उरलेले दोन भाग शासनावर सोडतात आणि शासन ते त्या स्त्रीवर सोडते.

शहरातल्या कोणत्याही खासगी प्रयोगशाळेच्या फलकावर ‘एचबीए१सी’ ही अक्षरे असतात. या तपासणीचा जन्म पश्चिमेकडील कोणा धनाढ्य कंपनीच्या प्रयोगशाळेत झालेला नाही. तेहरान विद्यापीठातील सॅम्युएल राहबार यांना १९६८ साली मधुमेही रुग्णांच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार आढळला. पुढे १९७६ साली अमेरिकेतील संशोधकांनी त्याचा रक्तातील साखरेच्या नियंत्रणाशी असलेला संबंध दाखवून दिला. तत्त्व अगदी साधे आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्या आयुष्यात रक्तातील साखर तिच्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे पाहिले की मागील दोनतीन महिन्यांची सरासरी कळते. उपाशीपोटी येण्याची गरज नाही, रक्त एकदाच द्यावयाचे. सर्वसाधारण मधुमेहीसाठी ही तपासणी वरदान ठरली, हे नाकारण्याचे कारण नाही.

तथापि गरोदर स्त्री ही सर्वसाधारण मधुमेही नव्हे. तिच्या शरीरात तांबड्या पेशी अधिक वेगाने तयार होतात आणि त्यांचे सरासरी आयुष्य घटते. पेशी तरुण असेल तर तिला साखर चिकटण्यास अवधीच कमी मिळतो आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. दुसरी अडचण काळाची आहे. रोगाचे निदान साधारणतः सहाव्या-सातव्या महिन्यात होते. त्यानंतर हाती उरतात जेमतेम तीन महिने. जी खूण मागील दोनतीन महिन्यांची सरासरी सांगते तिच्याकडून चालू आठवड्याचा हालहवाल कसा कळणार? आहार बदलला, औषध सुरू केले, त्याचा गुण आला की नाही हे प्रसूतीनंतर कळून काय उपयोग? म्हणूनच अमेरिकेतील मधुमेह संघटनेचे मार्गदर्शनही गरोदरपणात या तपासणीला दुय्यम स्थान देते आणि प्रत्यक्ष साखरेच्या वारंवार मोजणीला पहिले.

भारतीय स्त्रीच्या बाबतीत तिसरी अडचण उभी राहते आणि ती सर्वांत मोठी आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. लोहाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयात नव्या पेशींचे उत्पादन मंदावते, रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते आणि साखर वाढलेली नसतानाही एचबीए१सी चढलेले दिसते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावातही तसेच होते. याउलट, रक्तपेशी अकाली फुटत असतील तर आकडा खोटा उतरतो. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातील इतर भागांत सिकलसेलची वारसाहक्काने आलेली व्याधी आहे. तेथे ही तपासणी पद्धतीनुसार बिघडते आणि कधी कधी सर्वस्वी निरर्थक ठरते.

यातील विपरीतता नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. गरोदर स्त्रीची नोंदणी झाली की तिला लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या १८० दिवस घेण्यास सांगण्यात येते. तिने त्या प्रामाणिकपणे घेतल्या तर लोह मिळताच नव्या पेशींची भर पडते आणि एचबीए१सीचा आकडा घसरतो. साखर होती तेथेच असते. अहवाल हाती घेणाऱ्या डॉक्टरास मात्र वाटते की मधुमेह सुधारला. दुसरीकडे, जिने गोळ्या घेतल्या नाहीत, किंवा जिला त्या मिळाल्याच नाहीत, तिचा आकडा चढतो आणि नसलेल्या मधुमेहाचा शिक्का तिच्यावर बसतो. भरपूर खाणाऱ्या समाजातील शरीरांवर बेतलेले माप अर्धपोटी शरीराला लावले की ते साखर मोजत नाही, उपासमार मोजते आणि त्या उपासमारीला साखरेचे नाव देते.

वैज्ञानिकांना हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. दुसऱ्या खुणांचा शोध बरीच वर्षे चालू आहे. साखर केवळ हिमोग्लोबिनलाच चिकटते असे नाही. रक्तद्रवातील प्रथिनांनाही चिकटते. अशा साऱ्या प्रथिनांची एकत्रित मोजणी म्हणजे फ्रुक्टोसामिन. ती स्वस्त पद्धत न्यूझीलंडमधील संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी पुढे आणली. परंतु गरोदरपणात रक्तद्रव वाढून प्रथिने विरळ होतात, त्यामुळे तो आकडा डळमळतो. त्यापेक्षा अल्ब्युमिन या एकाच प्रथिनाचा किती हिस्सा साखरेने माखला आहे याचे शेकडा प्रमाण काढणे अधिक भरवशाचे. अल्ब्युमिनचे अर्धायुष्य सुमारे तीन आठवड्यांचे असल्याने ही खूण मागील दोनतीन आठवड्यांचेच वर्तमान सांगते. लोहाच्या कमतरतेने ती बिघडत नाही, तांबड्या पेशीच्या आयुष्याशी तिचा संबंध नाही. जपानमध्ये ही तपासणी रूढ झालेली आहे आणि गरोदर स्त्रियांसाठी तिची वेगळी प्रमाणेही तेथे ठरविण्यात आली आहेत. जपानी स्त्रियांतही गरोदरपणाच्या अखेरीस लोह कमी पडून एचबीए१सी चढते, हे तेथील संशोधकांनी दाखवून दिले आणि मग माप बदलले.

हे अल्ब्युमिनचे मापही निर्दोष नाही. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागली की तेही फसते. स्थूल व्यक्तींत ते जरा कमी दिसते. १,५-अॅन्हायड्रोग्लुसिटॉल नावाची आणखी एक खूण आहे, परंतु ती मूत्रपिंडाच्या साखर थोपविण्याच्या क्षमतेवर अवलंबून असते आणि गरोदरपणात ती क्षमताच बदलते. अॅडिपोनेक्टिनसारख्या पदार्थांवरून पहिल्या तिमाहीतच भावी रोगाचे भाकीत करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. असो. मुद्दा हा की साखरेने माखलेले अल्ब्युमिन ही रक्तक्षयाने ग्रासलेल्या देशासाठी विशेष उपयुक्त ठरू शकेल अशी खूण आहे. आणि तिची प्रमाणे जपानी स्त्रियांवरून उसनी घेऊन भागणार नाही. ती येथील ग्रामीण, अशक्त, दिवसभर राबणाऱ्या स्त्रियांवर ठरवावी लागतील. हे काम नफ्यासाठी चालणारी प्रयोगशाळा करणार नाही. तिला एचबीए१सीचा अहवाल विकावयाचा असतो आणि तो अचूक असो वा नसो, त्याची किंमत तीच असते.

मापे कोणाच्या शरीरावरून ठरतात, हा प्रश्न निदानाच्या आकड्यांनाही लागू पडतो. आज जगभर वापरात असलेले निदानाचे निकष ज्या मोठ्या अभ्यासावर उभे आहेत तो ‘हापो’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो आणि २००८ साली प्रसिद्ध झाला. ९ देशांतील १५ केंद्रे, २३,००० हून अधिक स्त्रिया. बेलफास्ट, मँचेस्टर, शिकागो, टोरांटो, ब्रिस्बेन, बँकॉक, हाँगकाँग, सिंगापूर ही त्यांतली काही नावे. भारतातील एकही केंद्र त्यांत नव्हते. अभ्यास अत्यंत मोलाचा आहे, कारण साखरेच्या प्रत्येक पायरीबरोबर बाळाचा धोका वाढत जातो आणि ‘येथपर्यंत सुरक्षित’ अशी रेषा निसर्गाने आखलेली नाही, हे त्याने सिद्ध केले. त्याच स्त्रियांच्या रक्ताच्या पुढील विश्लेषणात असेही आढळले की बाळाच्या धोक्याशी प्रत्यक्ष साखरेचा संबंध एचबीए१सीपेक्षा अधिक घट्ट आहे. परंतु रेषा निसर्गाने आखलेली नसेल तर ती माणसांनी आखलेली असते. आणि ती आखणाऱ्या बैठकीत कोणाच्या शरीराचा पुरावा पुढे होता, हे विचारण्याचा अधिकार त्या बैठकीत नसलेल्यांना आहे.

भारताने या बाबतीत वेगळी वाट धरली, ही समाधानाची गोष्ट आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली काढलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे गरोदर स्त्रीने उपाशीपोटी येण्याची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून तिला द्यावयाचे आणि दोन तासांनी साखर मोजावयाची. १०० मिलिलिटरमागे १४० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक भरली तर गरोदरपणातील मधुमेह समजावयाचा. ही तपासणी पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान दुसऱ्यांदा करावयाची. पद्धतीचा पुरस्कार मुख्यतः चेन्नईच्या तज्ज्ञांनी केला. पहाटे भाकऱ्या थापून, पाणी भरून, दोन कोस चालत उपकेंद्रावर येणाऱ्या बाईला ‘उपाशी ये’ म्हणणे म्हणजे ‘येऊ नकोस’ म्हणणे होय, एवढे भान या पद्धतीच्या मुळाशी आहे.

त्याच चेन्नईतील दुसऱ्या संशोधकगटाने २०१४ साली या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतला. उपाशीपोटी घेतलेल्या प्रमाणित तपासणीत ज्या स्त्रिया मधुमेही ठरतात त्यांतील पुष्कळ या सोप्या तपासणीतून निसटतात, असे त्यांना आढळले. आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु प्रमाणित तपासणीचे रक्त प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, तेही विचारावयास हवे. शिरेतून काढलेले रक्त नळीत पडून राहिले तर त्यातील पेशी साखर खात राहतात. खोलीच्या तापमानात दर तासाला ५ ते ७ टक्के साखर नाहीशी होते. खरी साखर १५० असलेली नळी दोन तासांनी १३० ते १३५ दाखविते आणि मधुमेही स्त्री निरोगी ठरून घरी जाते. नळीत घातलेले फ्लोराइड ही गळती तत्काळ थांबवीत नाही. त्याचा अंमल बसण्यास तासदीड तास वा अधिक वेळ लागतो. आयर्लंडमधील डब्लिन येथे रक्ताची हाताळणी काटेकोर केली तेव्हा निदानाचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढलेले आढळले. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. आयर्लंडच्या रुग्णालयात ही स्थिती, तर वैशाखात दुचाकीच्या डिकीतून तालुक्याला जाणाऱ्या नळीची काय कथा! ज्या शास्त्रशुद्ध तपासणीच्या नावाने उपकेंद्रावरील तपासणीला नाके मुरडली जातात, ती खेड्यापर्यंत पोहोचेतो शास्त्रशुद्ध राहत नाही. बोटाच्या थेंबावर जागच्या जागी मोजणारे यंत्र या गळतीतून सुटते. तेही रक्तक्षयात साखर जरा चढती दाखवू शकते. तेव्हा हिमोग्लोबिनचा आकडा शेजारी लिहिलेला असावा, एवढी खबरदारी पुरेशी आहे.

दुसरा आक्षेप डावीकडूनच येतो. धडधाकट स्त्रियांना रोगी ठरवून औषधांची बाजारपेठ वाढविण्याचा हा डाव नाही ना? शंका गैर नाही. आरोग्याचा व्यापार करणाऱ्यांनी ती ओढवून घेतलेली आहे. न्यूझीलंडमध्ये सौम्य आणि कठोर अशा दोन निकषांची तुलना करणारी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. खालच्या रेषेने अधिक स्त्रिया रोगी ठरल्या, अधिक उपचार झाले, परंतु एकूण गटात वाजवीपेक्षा मोठ्या बाळांचे प्रमाण बदलले नाही. मात्र दोन रेषांच्या मध्ये पडणाऱ्या स्त्रियांपुरते पाहिले तर ज्यांना उपचार मिळाले त्यांना लाभ झालेला दिसला. तेव्हा रेषा कोठे असावी याबद्दल प्रामाणिक मतभेद राहतील. परंतु ज्या गावात कोणतीच रेषा पोहोचलेली नाही तेथे अतिनिदानाची भीती घालणे म्हणजे दुष्काळी भागात महापुराचा इशारा देण्यासारखे आहे.

निदानानंतर काय? प्रश्नाचा कणा येथे आहे आणि येथेच व्यवस्था हात वर करते. मार्गदर्शन सांगते की दोन आठवडे आहाराने प्रयत्न करावा, मग जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहावी. ती १२० वा त्याहून अधिक असेल तर औषध सुरू करावे. कागदावर हे ठीक आहे. सधन घरातील स्त्री मात्र दिवसातून चार वेळा घरीच बोटाला सुई टोचून साखर पाहते. बाजारात एका पट्टीला दहावीस रुपये पडतात. चार पट्ट्यांचे रोजचे चाळीस ते ऐंशी रुपये, तेही तीन महिने! दंडाला चिकटवून चोवीस तास साखर दाखविणाऱ्या यंत्राची गोष्ट तर वेगळीच. एकाच रोगाचे एकीला दिवसाला चार आकडे मिळतात आणि दुसरीला महिन्याला एक, तोही त्या दिवशी उपकेंद्रात पट्ट्या शिल्लक असतील तर. महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांच्या तपासणीचा दिवस २०१६ पासून पाळण्यात येतो. ही योजना चांगलीच आहे. परंतु आईच्या रक्तातील साखर ९ तारखेची वाट पाहत थांबत नाही.

मराठवाड्यातील ऊसतोड स्त्रीचे वर्ष डोळ्यांपुढे आणले म्हणजे ही दरी किती खोल आहे ते कळेल. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. नवराबायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड कारखान्याकडे निघते आणि उन्हाळा लागता लागता परतते. भाद्रपदात बीड जिल्ह्यातील आपल्या गावी जिची नोंदणी आणि पहिली तपासणी झाली, तिचा २४ वा आठवडा उसाच्या फडात उजाडतो. दुसरी तपासणी कोण करणार? गावची आशा सेविका गावात आहे, कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राच्या यादीत तिचे नाव नाही. ग्लुकोज पिऊन दोन तास बसावयाचे म्हणजे अर्धा दिवस गेला. दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. २०१९ साली याच जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला होता. खाड्याच्या धाकाने स्त्री आपल्या शरीराचे काय काय होऊ देते, हे तेव्हा सर्वांनी वाचले. जिच्या डोक्यावरच्या मोळीतून महाराष्ट्राची साखर निघते तिच्या रक्तातील साखर मोजण्यास मात्र कोणाला सवड नाही.

तिला मिळणारा आहाराचा सल्ला हाही असाच. फळे, पालेभाज्या, डाळी, दूध, थोडे थोडे पण वारंवार खाणे. रेशनवर मिळते ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. फडात पहाटे बांधून नेलेली भाकरी आणि ठेचा, तीही एकदाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास आरंभिला. त्यातून जे निघाले ते प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे असे आहे. तेथील बाळांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु या रोडक्या बाळांचे स्नायू खंगलेले असले तरी कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे बाळ दिसावयास कृश, आतून मात्र मधुमेहाच्या वाटेवर. ज्या माता गरोदरपणी हिरव्या भाज्या, फळे, दूध यांचे सेवन अधिक वेळा करीत त्यांची बाळे चांगल्या वाढीची होती. ज्यांच्या वाट्याला शेतीचे आणि घरचे कष्ट अधिक, त्यांची बाळे लहान. ब-१२ कमी आणि फॉलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली, हे २००८ साली प्रसिद्ध झाले. गरिबीचा रोग आणि सुबत्तेचा रोग ही वाटणी या सहा गावांतच मोडीत निघाली.

कार्यकर्त्यांनी वैद्यकशास्त्र शिकावे अशी अपेक्षा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात उभे राहून त्यांना पुष्कळ काही विचारता येईल. ग्लुकोजची पाकिटे आणि मोजपट्ट्या या महिन्यात किती आल्या आणि किती दिवस पुरल्या? मागील सहा महिन्यांत किती गरोदर स्त्रियांची दुसरी तपासणी झाली, केवळ पहिली नव्हे? मधुमेह निघाला अशा स्त्रीला घरी मोजण्यासाठी यंत्र आणि पट्ट्या विनामूल्य का मिळत नाहीत? साखर कारखान्यांच्या तळांवर हंगामात तपासणीचे फिरते पथक का असू नये, आणि त्या दिवसाची मजुरी कारखान्याने का देऊ नये? खासगी दवाखान्यातून एचबीए१सीचा कागद घेऊन येणाऱ्या गरोदर बाईला तिचे हिमोग्लोबिन किती होते, हे कोणी विचारले काय? हे प्रश्न जिल्हा परिषदेच्या सभेत सदस्यांनी विचारले तर आकडे बाहेर यावे लागतील. अल्ब्युमिनवरील तपासणी येथील स्त्रियांवर पारखून घेण्याचे काम शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे सोपविण्याची मागणी विधिमंडळात करता येईल. यांपैकी एकाही गोष्टीस क्रांतीची वाट पाहावी लागत नाही.

प्रसूतीनंतर या बहुतेक स्त्रियांची साखर पूर्ववत होते आणि तेथेच सर्वांचे लक्ष उडते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणाप्रमाणे अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतरांच्या सुमारे दसपट असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासणी करावी, असे मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेले आहे. सहाव्या आठवड्यालाच बाळाच्या लसीचाही दिवस असतो. त्या दिवशी आई बाळाला घेऊन उपकेंद्रावर येतेच. लस टोचली जाते, अर्धा तास थांबावयास सांगितले जाते, माता व बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या रकान्यात तारीख पडते. आणखी दीड तास तिला तेथेच सावलीत बसवून तिच्या बोटातील एक थेंब घेण्यास नवी इमारत लागत नाही आणि नवी जागाही मंजूर करावी लागत नाही. लागते ती एक पट्टी.